नरसय्याचा उलटा चेंडू

सोलापूर स्टेशनात मुंबईची गाडी सकाळी यायची. त्या दिवशी ती आली तेव्हा माझ्याभोवती सात-आठ माणसं आणि त्यांच्या पंधरा-वीस सूचना होत्या. शेंगाच्या चटणीचा डबा ट्रंकेत कुठं ठेवलाय, हे आईनं चौथ्यांदा दाखवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये टाइमकीपर. गाडी उशिरा आली याचंच त्यांना जास्त दुःख होतं, किंवा तसं ते दाखवत तरी होते. "जितं जाशील तितं पाय पुसून आत जा," आई म्हणाली. "परक्याचं घर हाय म्हून सांगते." अमेरिका म्हणजे तिच्या हिशेबी कुणाचं तरी मोठं घर होतं.

या सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या नळापाशी, नरसय्या उभा होता. अंगात मिलमधलीच बंडी, केसांत कापसाची कुसं. हातातलं काम शेजारच्या विणकरावर सोपवून आला होता. पुढं आला नाही, हात हलवला नाही. गाडीची शिट्टी झाली, इंजिनानं वाफ सोडली, आई रडत होती तेही ऐकू येईनासं झालं, आणि मग नरसय्याचे ओठ हलायला लागले.

तो काय म्हणतोय ते समजायला मला आवाजाची गरज नव्हती. नुसतं बघायचं होतं. मी तोंड फिरवलं आणि ट्रंकेची कडी नीट बसवायला लागलो. कडी नीटच बसलेली होती.

या गोष्टीला सात वर्षं झाली. नरसय्या तेव्हा काय म्हणाला हे मला माहीत नव्हतं, आणि ते न कळणं माझ्या मनात दातात अडकलेल्या कुसासारखं राहिलं. शिवी दिली असेल? द्यायचा त्याला हक्क होता. 'परत ये' म्हणाला असेल? का 'आता येऊ नको'? हे सगळं नीट समजायचं तर मिलपासून सांगायला हवं.

मी विणकामाची परीक्षा पास होऊन मिलच्या साचेखात्यात उमेदवारीला लागलो, तेव्हा अठरा वर्षांचा होतो. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली, प्रत्येकातला आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडं आपटणारा. त्या आवाजात माणूस कानात ओरडला तरी उपयोग नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढताच बोलतात. ओठ मोठे हलवायचे, समोरच्यानं बघायचं. चार साच्यांपलीकडच्या माणसाशी घरची भांडणं, बाजारभाव, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, निंदा, सगळं चालायचं, आणि जॉबरची पाठ वळलेली असेपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही.

हे मला नरसय्यानं शिकवलं. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, तेलुगू विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, मिलमध्ये मराठी, आणि राग आला की दखनी. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलत होतो. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि ओठांनी सावकाश म्हणाला, "कान इसर. तोंड बग." त्यात एक नियम आपोआप होता. या बोलीत ज्याच्याकडं बघायचं नाही, त्याचं ऐकायचंही नाही. दोन विणकरांचं बिनसलं की ते शेजारी उभं राहून दिवसभर एकमेकांकडं बघत नसत. त्यांच्यात ती अबोल्याची रीत होती, आणि शिवीपेक्षा ती जास्त लागायची.

मिलची क्रिकेटची टीम होती. बॅटिंगला साहेब लोक आणि हिशेबनीस, उन्हात पळायला आम्ही, अशी साधारण वाटणी. नरसय्या मात्र बॉलर म्हणून सर्वांना हवा असायचा. लहानपणी घरच्या हातमागावर काम करून त्याचं मनगट असं तयार झालं होतं की चेंडू खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या चटईवर पडला की साप वळावा तसा वळायचा. नेहमीचा चेंडू बाहेरच्या बाजूला जायचा, त्याला आम्ही सुलटा म्हणायचो. पण त्याच हातानं, त्याच ढबीनं तो कधीकधी असा टाकायचा की चेंडू बरोबर दुसऱ्या बाजूला, आत यायचा. हा उलटा. सोलापुरात तेव्हा दुसऱ्या कुणाला तो टाकता येत नव्हता, आणि गंमत अशी की तो धरताही कुणाला येत नव्हता. मिलच्या तीन विकेटकीपरांची नाकं आणि बोटं त्यानं सुजवली. चौथा मी.

मला काही दैवी हात नव्हते. मला त्याचं तोंड वाचता येत होतं, एवढंच. धाव घ्यायच्या आधी तो क्षणभर माझ्याकडं बघायचा आणि ओठांनी सांगायचा, 'उलटा.' मी डावीकडं सरकून तयार. ही युक्ती आम्हाला इतकी आवडली की आपल्यासारखे शहाणे आपणच, असं वाटायला लागलं.

मग दुसऱ्या एका मिलशी सामना झाला. नरसय्याचा एकेक उलटा त्यांनी असा ठोकला की चेंडू शोधायला माणसं बाभळीत. पाच-सहा वेळा असं झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढं उभा असलेला बॅट्समन गालात हसत होता. तोही विणकर होता! समोरचा बॉलर काय टाकणार हे त्याला आमच्याइतकंच स्वच्छ वाचता येत होतं. आम्ही दोघं भर मैदानात, आपल्याच जातीच्या चोरांपुढं, तिजोरीची किल्ली कुठं आहे ते ओठांनी ओरडून सांगत होतो. त्या रात्री नरसय्या जेवला नाही असं त्याची बायको सांगायची, आणि सांगताना हसायची.

त्यावर तोडगा त्यानंच काढला. उलट्याला 'उलटा' म्हणायचंच नाही. म्हणायचं, 'धागा तुटला.' सुलट्याला 'भोंगा झाला.' मिलमधली माणसं सुट्टीच्या दिवशीही साच्यांचंच बोलतात, यात कुणाला काय वाटणार? समोरचे विणकर ते वाचायचे आणि कीव करून हसायचे. तोवर त्यांचे स्टंप पडलेले असायचे.

चार वर्षं असं चाललं. बॅट्समनच्या पाठीमागं उकिडवं बसून मी त्या काळ्या, हाडकुळ्या चेहऱ्याकडं जितका वेळ बघितलंय, तितका वेळ मी आईकडंही बघितलेला नाही. तो दमलाय का, कावलाय का, घरी लेक आजारी आहे का, हे मला त्यानं चेंडू हातात घेतला की कळायचं. तो मला कधी काही विचारायचा नाही. तो ठरवायचा, मी बघायचो. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता, पण मनात कुठंतरी असायचं की धरतो मी आणि नाव याचं.

अमेरिकेत जाऊन विणकामाचं पुढचं शिक्षण घेण्यासाठी एका धर्मादाय निधीकडं मी अर्ज केला होता, ते फक्त अण्णांना ठाऊक होतं. होकाराचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आमचे उलटे ठोकणाऱ्या त्याच मिलशी सामना. नरसय्याला सांगायला हवं होतं. सकाळी सांगणार होतो, पण म्हटलं सामन्याआधी कशाला. पत्र खिशात घालूनच मैदानात गेलो, हा आणखी एक शहाणपणा.

त्या दिवशी मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. ज्याला माझे ओठ वाचता येतात त्याला माझा चेहरा वाचता येणार नाही का? मी त्याच्या हाताकडं बघितलं, पायांकडं बघितलं, चेंडूकडं बघितलं, आणि दोनदा नशिबानं निभावलं. शेवटी त्यांना जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि एकच गडी बाकी होता. नरसय्या थांबला. जरा जास्तच थांबला. मी मान खाली घालून ग्लोव्ह झटकत राहिलो. मग तो धावत आला. चेंडू आत वळला, बॅट चुकवली, स्टंप केसभर चुकवले, आणि मी उजवीकडं गेलेला. मागं कुणी नव्हतं. चेंडू सीमेवरच्या धोंड्यांना लागून थांबला. चार बाय. हरलो.

बाकीचे मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. नरसय्या लिंबाखाली बसून पाणी प्यायला आणि मग, आवाज काढून, म्हणाला, "धागा तुटला म्हणालो व्हतो."

"चुकलं."

"चुकलं न्हाई. तू बगितलं न्हाईस." तांब्या खाली ठेवून तो माझ्याकडं बघत राहिला. "कुटं चाललास?"

मी पत्र काढून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं. "लई लांब हाय का?" मी म्हटलं, दोन वर्षांचाच प्रश्न आहे, दोन वर्षांनी येतो. "ये की," तो म्हणाला. त्यानंतर निघेपर्यंतचा दीड महिना साचेखात्यात आम्ही शेजारी उभे होतो, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता. बघितलं ते थेट स्टेशनावर. तेव्हा मी बघितलं नाही.

दोन वर्षांची सात कशी झाली? खरं सांगायचं तर कुणी मला धरून ठेवलं नाही. शिक्षण संपल्यावर माग बनवणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढायचं काम मिळालं. एक वर्ष अनुभव घेऊ म्हटलं. मग आणखी एक. इथं खोलीत गरम पाण्याचा नळ आहे, खाली घरमालकीण आहे, तिच्या दारात पायपुसणं आहे, आणि मी आईची आज्ञा रोज पाळतो. बर्फ पहिल्यांदा पडलं तेव्हा मला धुनकीतला कापूस आठवला आणि मी रस्त्यात उभा राहून हसलो. दुसऱ्या वर्षी हसू आलं नाही, नुसती थंडी वाजली.

पहिल्या वसंतात मी इथल्या गावच्या मिलचा बेसबॉलचा खेळ बघायला गेलो होतो. एक चेंडू प्रेक्षकांत उडाला, तो मी सवयीनं उघड्या हातांनी धरला. लोक बघायला लागले. त्यांच्या कॅचरचं बोट मोडलं होतं. पुढच्या शनिवारी माझ्या तोंडावर लोखंडी जाळी, छातीला गादी आणि हातात उशीएवढा मोजा. कॅचर म्हणजे त्यांचा विकेटकीपर, पिचर म्हणजे बॉलर, एवढं मला समजलं होतं. चेंडूचा टप्पा पडत नाही, जे काय वळायचं ते हवेतच, हेही कळलं होतं.

पिचरचं नाव स्टॅन. पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा, तोही साचेखात्यातलाच विणकर. हे कळल्यावर मी मनातून इतका खूश झालो की विचारू नका. आता हा मला सांगेल! मी उकिडवा बसलो आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो माझ्याकडं बघत राहिला. मी बघतोय, तो बघतोय. बॅट घेतलेला माणूस कंटाळून बाजूला झाला. लोक शिट्ट्या मारायला लागले. शेवटी स्टॅन चालत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "अरे बाबा, माझ्याकडं काय बघतोस? तू सांगायचं!"

इथं ही तऱ्हा उलटी आहे. कोणता चेंडू टाकायचा ते मागं बसलेला कॅचर ठरवतो. मांड्यांच्या आडोशाला बोटं धरायची, एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. पिचर मान डोलावतो, किंवा पटलं नाही तर हलवतो, मग दुसरी बोटं. सगळा संघ मैदानाच्या आत तोंड करून उभा असतो, एकटा कॅचर त्यांच्याकडं तोंड करून बसतो, म्हणून त्यालाच सगळं दिसतं, असं स्टॅननं मला समजावलं. मला महिनाभर हुकूम सोडायला लाज वाटत होती. नरसय्याला मी बोटं दाखवून सांगतोय, हे टाक, ते टाक? त्यानं चेंडू माझ्या डोक्यात घातला असता.

पण मग सवय झाली, आणि आवडायलाही लागलं. आणि हळूहळू एक गोष्ट कळली, ती सोलापुरात चार वर्षं बसून कळली नव्हती. बोटं दाखवल्यावर स्टॅन मान डोलावेपर्यंतचा तो क्षणभर. आपण काही सांगितलंय आणि समोरचा ते घेतोय का, हे बघत थांबायचं. त्या क्षणात सांगणारा माणूस फार एकटा असतो. नरसय्या चार वर्षं प्रत्येक चेंडूआधी तसा थांबत होता, आणि मला वाटायचं की याला काय, हा ठरवून मोकळा होतो. माझं नुसतं बघणं हीच त्याला मिळणारी डोलावलेली मान होती. ती त्या एका दिवशी मी त्याला दिली नाही.

अण्णांची पत्रं यायची. पावसाचं, भावाचं, मंद्रूपच्या आमच्या शेतातल्या विहिरीचं लिहायचे आणि शेवटी एक ओळ नरसय्याची. 'नरसय्या विचारत होता.' पुढच्या वर्षी, 'नरसय्या विचारत नाही, पण भेटला की थांबतो.' आणि तिसऱ्या वर्षी, अण्णांच्या त्या ठाकठीक अक्षरात, 'नरसय्या अद्याप खेळतो. मात्र आता फक्त सुलटा टाकतो. उलटा धरणारे कोणी नाही असे म्हणतो.' ते पत्र मी पेटीच्या तळाशी घातलं. काही दिवसांनी काढून पुन्हा वाचलं. एवढ्याशा ओळीनं माणसाला असं रडू यावं, हे घरमालकिणीला कसं समजावणार? कांदा चिरत होतो म्हटलं.

नरसय्याला मी पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

गेल्या हिवाळ्याआधीची गोष्ट. शनिवारचा खेळ, आणि स्टॅन प्रत्येक खुणेला मान डोलवत होता. पाच वर्षांत न भांडता त्यानं माझं असं सलग कधी ऐकलं नव्हतं. एक बोट, हो. दोन बोटं, हो. मी मुद्दाम चार बोटं दाखवली. आमच्यात चाराची खूणच नव्हती. त्यानं त्यालाही मान डोलावली. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

मी खेळ थांबवला, जाळी वर केली आणि चालत त्याच्याजवळ गेलो. "कुठं चाललास?" मी विचारलं. इंग्रजीत बोललो होतो, पण आवाज लिंबाखालचा होता.

स्टॅनचा चेहरा पांढरा पडला. गावातली मिल बंद होणार होती, तो पश्चिमेला बहिणीच्या नवऱ्याच्या शेतावर जाणार होता. "तुला कसं कळलं?" तो विचारत राहिला. सोमवारी सकाळी मी स्टेशनावर गेलो. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं तोंड फिरवलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून तो माझ्याकडं बघत होता. इतकं सोपं होतं ते. इतकंच करायचं होतं.

घरी आलो आणि नरसय्याला पत्र लिहिलं. सात वर्षांचं काहीच लिहिलं नाही. सामन्याची माफी मागितली, न आल्याची मागितली, आणि विचारलं की स्टेशनावर, गाडी सुटताना, तुम्ही काय म्हणत होता? मी बघितलं नाही. आता सांगाल का? लिहिताना त्याला 'तुम्ही' केलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर त्याच्या लेकीचं, मराठी शाळेत शिकते. वरती तिनं शाळेत शिकवल्याप्रमाणं 'कृतानेक नमस्कार' लिहिलं होतं. त्याखाली, 'नायना सांगतात तसेच लिहिते, चुकले तर रागावू नये' (नायना म्हणजे तेलुगूत वडील), आणि मग थेट नरसय्या:

"दत्तू, तुमी म्हणू नको, लाज वाटती. तुज्या आईला भेटतो, बरी हाय. मॅच गेली तर गेली, आता कुनाला याद हाय? मला हाय, पन ऱ्हाऊ दे. सुलटाच टाकतो मी. उलटा इसरलो न्हाई, हातात हाय अजून. तू स्टेशनचं इचारलंस. लई मोटं काय न्हवतं रे. निस्तं म्हणत व्हतो, हिकडं बग. हिकडं बग. लई येळा म्हणालो."

पत्र वाचून मी खिडकीशी बसलो. नदीवर बर्फ होतं, बंद मिलच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. जे सोलापूरच्या मिलमधून आपापल्या वाटेनं गेलेत आणि जे अजून तिथंच आहेत, त्यांनी मला विचारलं की घर कुठं, तर मंद्रूपची विहीर, नवी पेठेतली गर्दी, आईची चूल, हे सगळं मी सांगेन, ते सगळं माझंच आहे. पण खरं घर मला आता तेवढंच वाटतं, चटईच्या दोन टोकांमधलं अंतर. एका टोकाला चेंडू हातात घेऊन तो थांबला आहे, मी बघितल्याशिवाय टाकणार नाही.

कारखान्यात मी उन्हाळ्यापर्यंतची नोटीस दिली आहे. चाळिशीच्या जवळ आलेल्या नरसय्याचं मनगट तेव्हा कसं असेल, आणि माझे गुडघे उकिडवं बसू देतील का, हे देव जाणे. त्याच्या लेकीला उलट टपाली एक ओळ लिहिली आहे, तेवढी त्याला वाचून दाखव म्हणून.

नरसय्या, बघतोय. टाक.